क्लचवरचा डावा पाय

आमच्या मिरजोळ्यात एमआयडीसी असल्यामुळे ट्रक-ट्रेलरवाले माझे नेहमीचे रुग्ण. कोणी आंबा घाट उतरून आलेला, कोणी निवळीवरून जयगड बंदराकडे निघालेला, तर कोणी मोसमात आंब्याच्या पेट्या घेऊन रातोरात वाशी गाठणारा. यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कंबर, मान, पित्त आणि डावा गुडघा. चाळिशीतल्या माणसाचा उजवा गुडघा ठणठणीत आणि डावा मात्र जिना चढताना कुरकुरतो, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठली चालवता?"

हल्ली या मंडळींत एक वाद रंगतो. अवजड माल ओढायला गिअरची गाडी बरी की ऑटोमॅटिक? जुने चालक ठासून सांगतात, "डॉक्टर, वजन ओढायचं तर गिअर आपल्याच हातात हवा. ऑटोमॅटिक काय, साहेबलोकांच्या मोटारीला." यात डॉक्टरने नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण गुडघा शेवटी माझ्याकडेच येतो, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

क्लच दाबताना नेमके काय होते ते पाहा. गुडघा वाकलेला असतो आणि त्याच स्थितीत पाय जोराने पुढे रेटायचा असतो. त्या वेळी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मोकळ्या रस्त्यावर हे क्वचित घडते. पण भरलेला ट्रेलर घेऊन घाट चढताना मिनिटाला दोनदा गिअर बदलला, तरी तासाला सव्वाशेच्या आसपास वेळा हा दाब पडतो. त्याहून वाईट तो हाफ क्लच. पुढची गाडी अडली, चढणीवर रांग लागली, की चालक पाय अर्धवट दाबून तसाच धरून ठेवतो. ताणलेल्या स्नायूला रक्त नीट मिळत नाही, तो आंबतो, आणि पाय उचलून धरण्याच्या नादात कमरही एका अंगाला वळते. खालून इंजिनाची थरथर, वरून खड्ड्यांचे हादरे. मग कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली आणि कळ पायात उतरली, तर नवल कसले? नव्या गाड्यांत क्लचला हवेच्या दाबाची मदत असते, त्यामुळे जोर कमी लागतो हे खरे. पाय हलवण्याची संख्या मात्र तेवढीच राहते.

आता जुन्या चालकांच्या म्हणण्याकडे वळू. ते अगदीच चुकीचे नाही. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून चाकांकडे जाते. जड गाडी जागेवरून उचलायला ती उत्तम, धक्का बसत नाही. पण तेल तापते आणि काही ताकद त्या उष्णतेतच वाया जाते. डिझेलच्या हिशेबात ते मालकाला परवडत नसे. आता अवजड ट्रकांत जी येते ती एएमटी. तिच्यात क्लच आणि दातेरी गिअर नेहमीचेच असतात, फक्त ते दाबण्या-बदलण्याचे काम यंत्र करते. पायाखाली क्लचचे पेडल नसते. व्होल्वोने तिची आय-शिफ्ट २००१ साली आणली. युरोप-अमेरिकेत नवे अवजड ट्रक आता बहुतेक याच प्रकारचे असतात. तेव्हा "वजन ओढणार नाही" हा आक्षेप आता टिकत नाही.

उताराचे मात्र वेगळे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरात ठेवून इंजिनाच्या रोधाने वेग धरायचा असतो. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. एएमटीतही गिअर हाताने खालच्या टप्प्यावर धरून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी लागते. गाडी आपोआप सगळे पाहील अशा भरवशावर परशुराम घाट उतरणाऱ्याला कुठलीही गिअरपेटी वाचवणार नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांबद्दल तर मी काही लिहीतच नाही, संपादक छापणार नाहीत.

माझे मत असे की, घाटमार्गावर रोज माल ओढणाऱ्या मालकाने पुढचा ट्रक घेताना एएमटीच घ्यावी. किंमत जास्त पडते. आडरस्त्यावर बिघडली तर नेहमीच्या मिस्त्रीला तिच्यातले इलेक्ट्रॉनिक काम उमगेलच असे नाही, आणि ही अडचण मी हलकी मानत नाही. पण वीस वर्षे गाडी हाकलेला सराईत चालक पन्नाशीच्या आत घरी बसला, तर त्याचा खर्च मालकाच्या वहीत कुठेच दिसत नाही. तो त्या घरच्या बाईच्या डोक्यावर पडतो. नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा करणारा नियम सरकारने २०२३ मध्ये काढला, तेव्हाही "हे चोचले कशाला" म्हणणारे होतेच.

आणखी एक गोष्ट मला खुपते. वाहतूक परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यामुळे चालक दुखणे लपवतात. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊन दिवस काढतात. या गोळ्या फार दिवस घेतल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा होते. काहींत स्नायू सैल करणारे औषध मिसळलेले असते, त्याने झापड येते. झापड आलेल्या माणसाच्या हाती भरलेला ट्रेलर, याचा विचार करून पाहा. गुडघा दुखतो म्हणून कोणी लगेच परवाना काढून घेत नाही. वेळेवर दाखवाल तर बहुधा व्यायामानेच भागते.

क्लच गेला म्हणून सगळे सुटले असेही नाही. तासन्‌तास बसणे, अपुरी झोप, तंबाखू, ढाब्याचे तेलकट जेवण, लघवी दाबून ठेवणे ही दुखणी दोन्ही गाड्यांत सारखीच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. किती जणांना ती मिळते, ते हातखंब्याच्या तिठ्यावर कोणालाही विचारा.

ज्यांच्याकडे गिअरचीच गाडी आहे, त्यांनी निदान सीट नीट लावावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. रिकाम्या वेळी पाय पेडलवर ठेवू नये. मागच्या खिशातले जाडजूड पाकीट काढून ठेवावे, त्याने पायाची शीर दबते. आणि केबिनमधून उडी मारू नये, तोंड गाडीकडे करून, हाताने धरून उतरावे. कंबरदुखीबरोबर जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर गाडी तिथेच लावून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. माल दुसरा कोणीही पोचवेल.