पित्त आणि नंबर १०२

मुलाच्या अंगावर सहा आठवड्यांहून जास्त पित्त उठत राहिलं की आपल्याकडे आधी आमसुलाचं पाणी लावतात, मग एकेक खाणं बंद. संशय बहुतेक वेळा टार्ट्राझिनवर, म्हणजे १०२ नंबरच्या पिवळ्या रंगावर. पण डबल-ब्लाइंड चाचणीत हा संबंध क्वचितच सिद्ध होतो. बहुतेकांत बाहेरचं कारण सापडतच नाही. तेवढ्यासाठी पोराचं दूध-अंडं तोडणं मला पटत नाही.

बरं, शंका आलीच तर तपासायची कशी? पाकिटावर नंबर असतो (भिंग घेऊन वाचा!). धरणगावच्या बाजारातल्या सुट्ट्या जिलबीवर काय वाचणार? ऑक्टोबर २०२० पासून एफएसएसएआयने सुट्ट्या मिठाईपाशी 'बेस्ट बिफोर' लिहायची सक्ती केली. त्याच पाटीवर रंगाचा नंबरही लिहायला लावा ना राव! रंगाची डबी दुकानदारानेच फोडलेली असते, नंबर त्याच्या डोळ्यांसमोरच असतो.