झोपाळ्याचा हिरवा रंग

परवा ऑफिसातल्या एका मित्राने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जुनं कळकट कपाट, त्यावर ब्रशने फासलेलं रिमूव्हर, फुगून आलेला रंग आणि दीड मिनिटात खालून चकचकीत सागवान! "आपण पण करू या की एखाद्या वीकेंडला," तो म्हणाला. म्हटलं, थांब बाबा, आधी माझी गोष्ट ऐक.

आमचं गाव धरणगाव. बालकवींचं जन्मगाव म्हणून शाळेत वाचलं असेल. तिथल्या आमच्या घरात पणजोबांच्या काळचा सागवानी झोपाळा आहे. १९९० च्या सुमारास, बाबांच्या लग्नात, आजोबांनी त्याला हिरवा ऑइलपेंट दिला. पुढे कधीतरी त्यावर चॉकलेटी चढला. गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई तिच्या दीड वर्षाच्या पोराला घेऊन येणार होती. खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणी आणि झोके. तेव्हा अस्मादिकांनी ठरवलं की झोपाळा मूळ रूपात आणायचा.

तर झालं असं. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून मी झोपाळा माजघरात घेतला, दार लोटलं आणि रिमूव्हरचा डबा उघडला. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं. बाहेर येऊन पाणी प्यायलो आणि 'ऊन लागलं' असं समजून डबा बाजूला ठेवला. मग ओसरीवर मशीनने कोरडाच रंग घासायला घेतला. तासाभरात फरशी, पाण्याचा माठ, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं हिरवट. आजी आली आणि म्हणाली, "काय करी राह्यना रे बापू?" आणि झाडू घेऊन ती भुकटी झाडायला लागली.

रात्री डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. (ऑफिसात टेस्टिंगशिवाय एक ओळ पुढे न पाठवणारा मी!) त्यात मिथिलीन क्लोराइड होतं. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ४० अंश सेल्सिअस. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. म्हणजे बंद खोलीत मी ते जवळजवळ उकळतच बसलो होतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तोंडावरचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही. अशा रिमूव्हरने बंद जागेत माणसं दगावली, म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना त्याची विक्री बंद केली.

पण खरी झोप उडवली ती हिरव्या भुकटीने. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, हिरव्या, लाल छटांत, शिसं असण्याची दाट शक्यता. नियमांनंतरही काही रंगांत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. आणि दीड वर्षाचं पोर काय करतं? फरशीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं.

"आपण याच रंगांत वाढलो, आपल्याला काय झालं?" हे बाबांचं म्हणणं. अहो, पण शिशाने पोर तडकाफडकी आजारी पडत नाही. ते अभ्यासात जरा मागे राहतं, चिडचिडं होतं, आणि त्याचा संबंध कुणी झोपाळ्याशी जोडत नाही. आमच्या हिरव्या रंगात शिसं होतं की नाही ते मी तपासलेलं नाही. पण तपासलं नाही म्हणजे नाहीच, असं धरणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: २०१७ च्या आधीचा ऑइलपेंट शिशाचाच समजा. रंग घट्ट असेल, पोपडे सुटत नसतील, तर सागवानाचा मोह सोडा आणि वरून नवा हात मारा. काढायचाच असेल तर उघड्यावर, सकाळच्या गारव्यात, खाली ताडपत्री अंथरून, पाणी मारत वॉटर पेपरने घासा. भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळे धुवा. काढलेले रंगीत तुकडे बंबात तर अजिबात घालू नका, धुरातून तेच शिसं घरभर फिरेल. आणि काम संपेपर्यंत लहान मूल आणि गरोदर बाई त्या घरात नको.

हे सगळं व्हिडिओत नसतं, कारण दीड मिनिटात फक्त आधी आणि नंतर मावतं. मधली भुकटी आजीच्या झाडूखाली जाते.

ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग दोन दिवस उशिरा आली. तोवर मी आणि बाबांनी ओसरी तीनदा ओल्या फडक्याने पुसली. कुरडया टाकून दिल्या, त्याबद्दल आजी अजून बोलते. झोपाळा अर्धा सागवानी, अर्धा हिरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठ्यात. ताईने मागच्या कडुनिंबाला दोर बांधला आणि पोराला मांडीवर घेऊन झोका घेतला.

यंदा दिवाळीत एक मिस्तरी येणार आहेत. त्यांना डबा आधी मी वाचून दाखवणार आहे.