भुंग्याच्या पोटातील खोली

दादरच्या फूलबाजारात शनिवारी पहाटे मारुतीसाठी रुईच्या पानांच्या माळांचे ढीग लागतात. रुईचे झुडूप रेल्वेमार्गाच्या कडेला वा पडक्या भिंतीशी आपसूक वाढते. त्याच्या फुलांतील पराग पुडीसारखा सुटा नसतो, इवल्या पिशव्यांत बंद असतो. त्या पिशव्या पायांना अडकवून दुसऱ्या फुलापर्यंत नेण्याचे काम मुख्यतः मोठा काळा भुंगा करतो.

या भुंग्याची मादी बहुधा एकटीच संसार मांडते. वाळलेले लाकूड किंवा बांबू जबड्याने कोरून ती बोगदा करते. लाकूड ती खात नाही. बोगद्यात पराग व मधुरसाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालावयाचे आणि भुशाचा पडदा लावून पुढील कप्प्यास आरंभ करावयाचा, असा तिचा क्रम असतो.

काही जातींच्या मादीच्या पोटाच्या पुढच्या भागात, अगदी कमरेशी, एक पोकळ खोली असते. पर्किन्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या खोलीत माइट, म्हणजे कोळ्याच्या कुळातील आठ पायांचे सूक्ष्म जीव, दाटीवाटीने राहतात. बँकेचा लॉकर आणि हिचा लॉकर यांत फरक इतकाच, की हिचा उडतो! मादी अंडी घालू लागली की माइट कप्प्यांत उतरतात, तेथेच त्यांची प्रजा वाढते आणि नवी मादी बाहेर पडण्यापूर्वी ते तिच्या खोलीत शिरतात. नराला अशी खोलीच नसते.

अंगावर माइट दिसले की कीटक रोगट, असा आपला समज असतो. दक्षिण आफ्रिकेतील स्काइफ यांनी १९५२ मध्ये तेथील भुंग्याविषयी लिहिताना मात्र या माइटला सहजीवी म्हटले. वाढत्या पिलाच्या अंगावरील स्राव हे त्यांचे अन्न असल्याचे त्यांनी नोंदविले. पिलाची त्यामुळे स्वच्छता होत असावी, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. पिढ्यान् पिढ्या शरीरात राखलेल्या या खोलीचे भाडे कोणत्या तरी रूपाने मिळत असावे, असे वाटते; पण नुसती खोली आहे एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

दादरच्या जुन्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांत किंवा गच्चीवरच्या बांबूत बोटाएवढे गोल छिद्र दिसले, की कोणी रॉकेल ओततो, कोणी सिमेंट भरतो. त्या एका छिद्रामागे कप्प्यांची रांग असते आणि प्रत्येक पिलाबरोबर हे बिऱ्हाडही. लाकडाला वेळेवर रंग दिला तर भुंगा सहसा तेथे कोरावयास येत नाही. झालेले छिद्र पिले उडून जाईपर्यंत तसेच राहू द्यावे, आणि गच्चीच्या कोपऱ्यात एखादा वाळका बांबू आडवा बांधून ठेवावा.