तसबिरीतली लक्ष्मी

पंढरपुरात महाद्वाराकडच्या गल्ल्यांतून चालताना बुक्का, तुळशीमाळा आणि टाळांच्या जोडीला तसबिरी मांडलेल्या दिसतात. त्यांत विठ्ठल-रखुमाई असतात आणि कमळावर उभी लक्ष्मीही असते. चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, मागे हार घेतलेला हत्ती. हे रूप आपल्या डोळ्यांत बसवलं राजा रविवर्म्यानं.

गाभाऱ्यातली रखुमाई काळ्या पाषाणाची. रविवर्म्याच्या तैलरंगांनी देवीला मांसल गाल, साडीची झुळझुळ आणि पाण्यावरचा उजेड दिला. त्याच्या मेनका, उर्वशी आणि गंगा दिव्य असूनही बाईसारख्या भासतात, आणि त्याचं मोठेपण मला इथेच दिसतं. सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून बडोद्यासाठी 14 पौराणिक चित्रं करून घेतली. ती राजवाड्यात राहिली. सामान्य माणसाच्या भिंतीवर देवी आली ती 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्यामुळे. घरच्या बायकांनी त्या छापील साडीवर जर आणि टिकल्या चिकटवल्या. ती कलाकुसरही मला चित्राइतकीच मोलाची वाटते.

जुनी तसबीर फुटली की ती चंद्रभागेत सोडायची आपल्याकडे रीत आहे. वाचकहो, तसं करण्याआधी चित्राखालची बारीक अक्षरं वाचा. रविवर्मा छापखान्याचं नाव दिसलं तर ती तसबीर उन्हापासून, ओलीपासून जपा आणि आम्हाला जरूर कळवा.