निसर्गाचा अभ्यास ही सुखवस्तूंची चैनच राहणार काय?

महिन्यापूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या मला भेटावयास आली. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यात वाढलेली, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. प्रस्तावित प्रकल्पांच्या परिसरात कोणते प्राणी, पक्षी व वनस्पती आहेत याची नोंद करण्याचे काम ती एका सल्लागार कंपनीसाठी दोन वर्षे करीत होती. पगार किती, असे मी विचारले. आकडा सांगून ती म्हणाली, "पण सर, पावसाळ्यात तोही नाही. जूनमध्ये करार संपतो, दिवाळीनंतर पुन्हा बोलावतात."

परिसरविज्ञानातील 'रोजगाराच्या संधी' म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्याचे खरे स्वरूप या दोन वाक्यांत आले आहे.

पावसाळ्यात तिला घरी का बसवले जाते? २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना परवानगीपूर्वी पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्यासाठी बहुधा एकाच हंगामाची पाहणी पुरेशी मानली जाते, आणि तीही पावसाळा वगळून! कोकणातील जांभ्याचा सडा एप्रिलमध्ये पाहिला तर नुसता काळा कातळ दिसतो. सरकारी दफ्तरी तो पोटखराबाच. तोच सडा श्रावण-भाद्रपदात पाहावा. सीतेची आसवे, गेंद यांसारख्या शेकडो इवल्या वनस्पती, बेडूक, कीटक यांचे सारे आयुष्य त्या चार महिन्यांत उरकलेले असते. २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कासच्या पठाराचे वैभवही पावसाळीच आहे. जेव्हा सृष्टी बोलते तेव्हा ऐकणाऱ्यास रजा द्यायची, आणि ती मुकी झाली की साक्षीला बोलवायचे! या साक्षीचा खर्च करतो तो प्रकल्पाचा मालक. न्यायाधीशाचे वेतन आरोपीने द्यावे, असा हा न्याय आहे.

नोकरीची ही तऱ्हा, तर संशोधनाची वाट तरी मोकळी आहे काय? कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाले, हे खरे. परंतु तेथवर पोहोचायचे कसे? जीवशास्त्राच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत. परिसरविज्ञान त्यांपैकी एक. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत. एवढे करून शिष्यवृत्ती मिळालीच, तरी पैसे वेळेवर येतील याची शाश्वती नाही. केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेतील संशोधकांनी २०२४-२५ मध्ये विद्यावेतनाविना महिनेच्या महिने काढले. भारतीय वनसेवेच्या पात्रतेची यादी पाहावी. तिथे अभियांत्रिकीच्या पदवीधराला प्रवेश आहे, गणिताला आहे, संख्याशास्त्राला आहे. पर्यावरणशास्त्राचे मात्र नाव नाही.

यावर काही सज्जन म्हणतात, निसर्गाचा अभ्यास ही साधना आहे, तिथे पगाराचा हिशेब कसला? ते डॉ. सालिम अलींचा दाखला देतात. त्या थोर शास्त्रज्ञाविषयी मला नितांत आदर आहे. पण तो दाखला पुरता द्यावा. १९३० च्या सुमारास मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा निधीअभावी रद्द झाली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. नोकरी गेल्यावर समुद्रकाठी जाऊन राहण्याची सोय त्यांना होती. कातकऱ्याच्या मुलीची नोकरी गेली तर ती कोठे जाईल? वीटभट्टीवर! एका प्रतिभावंताला आपत्तीतून वाट सापडली, म्हणून आपत्तीलाच धोरण करायचे नसते. बिनपगारी 'स्वयंसेवक' मागविणाऱ्या जाहिराती गरिबाच्या मुलांना दारातच थांबवतात. त्याच वेळी रानातली प्रत्येक वाट आणि प्रत्येक माग दाखविणारा ठाकर वा महादेव कोळी तरुण रोजंदारीवर राबतो, आणि प्रबंधाच्या आभारात एका ओळीपुरता उरतो.

आता नेहमीचे उत्तर: तिजोरीत पैसा नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे उत्तर सहज पचत नाही. जंगले तोडण्याच्या मोबदल्यात साठलेला भरपाई वनीकरणाचा निधी केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना दिला. एकूण रक्कम ४७,४३६ कोटी. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३,८४४ कोटी. महाराष्ट्रात तालुके ३५८. प्रत्येक तालुक्यात दरमहा ६०,००० रुपये वेतनावर एक जीवशास्त्रज्ञ नेमला, तर वर्षाचा खर्च होतो सुमारे २६ कोटी. म्हणजे त्या रकमेच्या शंभरातला एक रुपयाही नव्हे. निधीच्या नियमांत हे बसत नसेल तर नियम बदलावेत. ते काही आकाशातून पडलेले नाहीत.

आणि काम नाही असे कोण म्हणतो? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोक-नोंदवह्या सांगितल्या. अठरा वर्षे बहुतेक ठिकाणी त्या झाल्या नाहीत. पुढे हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून राज्यांना दरमहा दहा लाखांच्या दंडाचा धाक घातला, तेव्हा घाईघाईने कागद भरले गेले. आपल्या राज्यात अशा समित्या अठ्ठावीस हजारांच्या घरात आहेत. त्या नोंदी जिवंत ठेवणे, दरवर्षी तपासणे, हे कायमचे काम आहे; आणि कायमच्या कामाला कायमची माणसे लागतात, ही कामगार चळवळीची जुनी मागणी इथेही तितकीच लागू आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आघात-मूल्यमापनाचे पैसे मालकाने सार्वजनिक निधीत भरावेत, आणि पाहणी करणाऱ्याची नेमणूक त्या निधीतून व्हावी. पाहणी बारमाही असावी, वेतनही बारमाही असावे. तालुक्याला एक कायम पद असावे. स्थानिक जाणकारांना प्रशिक्षण, रीतसर वेतन आणि अहवालावर नाव मिळावे.

निरोप घेताना मी त्या मुलीला विचारले, आता काय करणार? ती म्हणाली, "बी.एड.ला अर्ज केलाय, सर." शिक्षिका होणे वाईट नव्हे. पण सड्यावरचे प्रत्येक फूल ओळखणारा माणूस त्या सड्याने गमावला, आणि आपणही गमावला. पुढच्या एप्रिलमध्ये तिच्या जागी दुसरे कोणी जाईल, काळा कातळ पाहील आणि लिहील: येथे काही नाही.