गटाराच्या तोंडाशी पहारा हवा

नायगावात आता स्प्रिंग मिलचा भोंगा वाजत नाही, कोहिनूरच्या पाळ्याही सुटत नाहीत. गिरणगावाची रंगखाती गेली, तसा कारखानी सांडपाण्याचा प्रश्नही मिटला, असा सोयीस्कर समज त्यामुळे रूढ झाला आहे. गिरणीची चिमणी दुरून दिसत असे. शहरभर विखुरलेली धुलाईकेंद्रे, गॅरेजे आणि धातूला मुलामा देणारे गाळे मात्र डोळ्यांत भरत नाहीत. चाळीतील न्हाणीचे पाणी ज्या गटारात जाते, त्यातच त्यांचे तेल आणि आम्लही उतरते.

कायदा नाही, असे नव्हे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात 1988 साली दुरुस्ती होऊन गटारात विषारी द्रव्ये सोडण्यासही प्रतिबंध झाला. पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात शिशाचे प्रमाण लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चालते. सार्वजनिक गटारासाठी ही मर्यादा दहापट, म्हणजे 1 मिलिग्रॅम आहे. गटाराच्या शेवटी शुद्धीकरण होणारच, या विश्वासावर ही सवलत उभी आहे. मुंबईत तो विश्वास दीर्घकाळ पोकळ ठरला. वरळी आणि वांद्रे येथून मैलापाणी जुजबी प्रक्रियेनंतर समुद्राच्या पोटात सोडले जात आले.

जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या दोन्ही ठिकाणांसह सात शुद्धीकरण केंद्रांचे भूमिपूजन झाले. क्षमता दिवसाला सुमारे 2,460 दशलक्ष लिटर, खर्च 17 हजार कोटींच्या घरात. निर्णय उशिरा झाला, तरी स्वागतार्हच आहे. परंतु अशी केंद्रे जिवाणूंच्या बळावर चालतात. जिवाणू मैला पचवतात, क्रोमियम नव्हे. विषाची मात्रा वाढली की तेच मरतात. शिवाय धातू गाळात साचतो आणि तो गाळ खत म्हणून शेतात घालण्याच्या लायकीचा राहत नाही.

त्याहून तातडीचा धोका माणसाला आहे. आम्ल आणि मैल्यातील सल्फाइड एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

गटार महापालिकेचे आणि संमतिपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, या वाटणीत छोटा गाळा सहज निसटतो. त्याला एकट्याने प्रक्रिया यंत्रणा परवडत नाही, ही त्याची अडचणही खरी. म्हणून अशा गाळ्यांसाठी सामायिक यंत्रणा उभारावी, प्रत्येक जोडणीवर नमुना घेण्याची सोय सक्तीची करावी आणि तपासणीचे निकाल विभाग कार्यालयात लावावेत. सोसायट्यांनीही तळमजल्याचा गाळा भाड्याने देताना अनामत रकमेबरोबर आणखी एक चौकशी करावी: तुमचे सांडपाणी कुठे जाणार?