जादूच्या डबीतला अंगठा

जादूची डबी उघडताच मुलाचा चेहरा उतरतो. रुमाल गायब करणाऱ्या या डबीत निघतो त्वचेच्या रंगाचा, पोकळ, प्लास्टिकचा अंगठा! पैसे प्लास्टिकचे नव्हे, गुपिताचे घेतलेले असतात. आणि कळलेले गुपित दुकानदाराला परत करता येत नाही. तरीही सौदा तोट्याचा नाही. याच अंगठ्यात रेशमी रुमाल दडवून नामांकित जादूगार तो रंगमंचावर अदृश्य करतात. टोक प्रेक्षकांकडे रोखलेले आणि हात सहज हलता असला की अंगठा नजरेस पडत नाही. हे आरशासमोर पुष्कळ घटवावे लागते. लहानग्याच्या बोटावरून मात्र मोठ्यांच्या मापाचा अंगठा निसटतो, तोही नेमका पाहुण्यांसमोर. त्याला स्वयंपाकघरातल्या तीन वाट्या आणि चिंध्यांच्या चार गोळ्या द्याव्यात. प्रेक्षकांना गोळ्या तीनच ठाऊक असतात.